बादलीतला तो नाच नव्हता

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या आल्या की तुमच्या पुरवणीत अंदमानच्या सहलींचं पान येतंच, नागपूरहून दरवर्षी कितीतरी फॅमिल्या जातात, म्हणून आधीच लिहून राहिले आहे.

मागच्या वर्षी आम्हीपण गेलो होतो. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी सहलीवाल्यांच्या माणसानं खडकातल्या डबक्यातून एक लालभडक जीव हातानं उचलला आणि बादलीत टाकला, वीतभर लांब, मऊ, पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचे झुपके. आधी अंगाच्या कडा वर गुंडाळलेल्या होत्या, पण बादलीत पडल्याबरोबर त्या झालरीसारख्या उघडल्या आणि तो जीव लाटेसारखा वरखाली व्हायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, "बघा बघा डान्स करून राहिला!" मुलांनी बोटं लावली, सेल्फी झाले, चांगले वीस मिनिटं.

घरी आल्यावर वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. याला स्पॅनिश डान्सर म्हणतात, शास्त्रीय नाव हेक्झाब्रँकस सँग्विनियस, म्हणजे सहा कल्ल्यांचा, रक्तासारखा लाल. आपल्या गोगलगायीच्याच नात्यातला, फक्त शंख नाही, तो अगदी पिल्लू असतानाच गळून पडतो. खातो काय तर समुद्रातले स्पंज, आणि त्या स्पंजातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो, अंड्यांतसुद्धा उतरवतो, म्हणून मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. दिवसा कपारीत लपतो, रात्री बाहेर निघतो. आणि ज्याला आम्ही डान्स म्हणालो ना, तो जीव घाबरला की असा झालर उघडून लाल-पांढरा रंग एकदम दाखवतो, समोरचा दचकला की पोहून पळतो. बादलीतून पळणार कुठे? त्याचे कल्ले तर आतसुद्धा ओढता येत नाहीत, बाकी बऱ्याच जातभाईंना येतात, आणि आम्ही नेमके तिथेच बोटं लावली.

त्याच्या कल्ल्यांपाशी नखाएवढी एक कोळंबीपण होती, एम्परर श्रिम्प, ती त्याच्याच अंगावर राहते. धक्क्यानं ती सुटून बादलीच्या तळाशी पडली, तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली टाकला तरी गाइड ओरडतो आणि आपण ऐकतो, आपल्या मुलांना ते लहानपणापासून माहीत आहे. मग समुद्राच्या काठी तोच माणूस बादली घेऊन का फिरतो? वाघ दिसतो मोठा म्हणून?

एवढीच विनंती आहे की त्या सहलींच्या पानावर एक चौकट द्या, डबक्यातला कुठलाही जीव उचलू नका, कोणी उचलून दाखवत असेल तर तिथल्या तिथे नाही म्हणा. आणि खडकाला चिकटलेलं लाल गुलाबासारखं फूल दिसलं तर तोडू नका, ती याचीच अंडी असतात, रिबिनीसारखी गोल गुंडाळून ठेवलेली. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं ते फूल समजून केसात लावायला काढलं होतं.

फोटो आहे माझ्याकडे, चौकटीसाठी पाहिजे असेल तर पाठवते.

आपली एक वाचक,
नागपूर