उपनिषदांतले दोन बाप

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि लेकीचा फोटो, दोन्ही मिळालं. आई म्हणते, कपाळ थेट वहिनींचं आहे. सहा महिने पूर्ण झाले, आता उष्टावणानंतर काय द्यायचं आणि काय टाळायचं असं तू विचारलंस. ते सविस्तर लिहितोच. पण आधी तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. "आपण दोघांनीही बापाचा मार खाल्ला, आपलं काय बिघडलं?" ही ओळ माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कॉलेजात असताना हनुमान टेकडीवर बसून आपण आत्मा आहे की नाही यावर अंधार पडेपर्यंत भांडायचो. तो वाद अजून मिटलेला नाही, मिटायची घाईही नाही. पण बाप झाल्यापासून मला रागाचा प्रश्न आत्म्याच्या प्रश्नाहून जवळचा वाटतो. पोरगा झोपला की रात्री थोडा वेळ मी उपनिषदं वाचतो. अप्पा बळवंत चौकातून मराठी अर्थासह प्रत आणली आहे. ब्रह्मापर्यंत पोचायच्या आधी मला त्यात बाप भेटले.

कठोपनिषदातली नचिकेताची गोष्ट तुला माहीत आहे. आपल्याला ती पोराच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली. एकदा बापाच्या बाजूने वाच. त्याचा बाप वाजश्रवस सर्वस्वाचं दान करतोय आणि दानातल्या गाई कशा, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या. हे पोराच्या ध्यानात येतं. तो विचारतो, मला कोणाला देणार? बाप गप्प. पोरगा पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप भडकतो आणि म्हणतो, तुला मृत्यूला देतो. अरे, हे तर घरोघरी रोज होतं. पोराचा प्रश्न खरा असतो, आपल्याला अडचणीचा असतो आणि तिसऱ्यांदा आलेला असतो.

पुढे नचिकेत यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहतो, म्हणून यम तीन वर देतो. मेल्यावर काय उरतं, हा जगप्रसिद्ध प्रश्न तिसऱ्या वराचा. स्वर्गाला नेणाऱ्या अग्नीची विद्या दुसऱ्या वराची. आणि पहिला? माझ्या बापाचं मन शांत होऊ दे, त्याचा राग जाऊ दे, मी परत गेलो की त्याने मला ओळखावं आणि आनंदाने बोलावं. साक्षात मृत्यू समोर उभा आहे आणि पोराला सगळ्यात आधी बापाचा राग उतरायला हवा आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. आपलं काही बिघडलं नसेल. शिकलो, नोकऱ्या लागल्या, माणसांत राहतो. पण तो पहिला वर आपणही कित्येक वर्षं मागतच होतो. तुमच्या वाड्याच्या बोळात बाबांच्या स्कूटरचा आवाज आला की तू डाव अर्धा टाकून आत पळायचास आणि रात्री आईला हळूच विचारायचास, आज बाबा कसे आहेत? मला ते लख्ख आठवतं. तुझ्या बाबांना किंवा माझ्या बाबांना मी दोष देत नाही. त्यांना जेवढा मार मिळाला होता त्याच्या निम्माच त्यांनी आपल्याला दिला, आणि ते निम्मं करणंसुद्धा सोपं नसणार. आता तेच बाबा नातीला मांडीवर घेऊन बसतात असं तू लिहिलंस, ते वाचून फार बरं वाटलं.

दुसरा बाप छांदोग्य उपनिषदातला, उद्दालक आरुणी. त्याचा श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ्यात परत आला. आपण असतो तर पहिल्याच जेवणाला त्याचा ताठा काढला असता. उद्दालक त्याला फक्त एक प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर पोराला येत नाही, आणि पोरगा आपणहून म्हणतो, मग तुम्हीच सांगा. मन अन्नाचं बनलेलं आहे हे शिकवायचं तर उद्दालक त्याला पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो, पाणी मात्र हवं तेवढं पी म्हणतो. सोळाव्या दिवशी वेद म्हणायला सांगितल्यावर श्वेतकेतूला काही आठवत नाही. जेवून आल्यावर सगळं आठवतं. तसंच मिठाचं. रात्री पाण्यात मीठ टाकून ठेव, सकाळी ते मीठ काढून दे. सापडत नाही. मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळाचं चाख. सगळीकडे खारट. दिसत नाही तरी आहे. आणि पोरगा दर वेळी म्हणतो, अजून सांगा. बापाला तिसऱ्यांदाच काय, पुन्हा पुन्हा विचारायची सोय असलेलं हे घर आहे.

आता ऐक. कठोपनिषदात नचिकेताच्या बापाला यम 'औद्दालकि आरुणि' म्हणतो, आणि शंकराचार्य भाष्यात सांगतात की औद्दालकि म्हणजे उद्दालकच. म्हणजे मिठाचं पाणी चाखायला देणारा आणि 'मृत्यूला देतो' म्हणणारा, हे दोघे एकच असू शकतात. निदान एकाच घराण्यातले तर आहेतच. हे वाचल्यापासून मी 'रागीट बाप' आणि 'शांत बाप' अशी माणसांची वाटणी करणं सोडलंय. प्रश्न स्वभावाचा राहत नाही. तिसऱ्यांदा विचारलं जातं त्या क्षणी काय करायचं, एवढाच उरतो.

तो क्षण कसा असतो ते सांगतो. परवा तुळशीबागेत गेलो होतो. आमच्या चार वर्षांच्या पठ्ठ्याला भातुकलीतला पितळी बंब दिसला. आज घ्यायचा नाही असं घरूनच ठरलं होतं, त्यालाही सांगितलं होतं. तरी त्याने तिथेच बसकण मारली. गर्दी, गोंगाट, दोन्ही बाजूंनी पिशव्यांचे धक्के. एक आजी जाता जाता म्हणाल्या, "एक ठेवून द्या, लगेच गप्प बसेल." मी त्याला उचलून राममंदिराच्या बाजूला नेलं आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो. म्हटलं, "तुला तो बंब हवा होता. खूप हवा होता. आज आपण घेणार नाही." त्याने माझ्या खांद्यावर बुक्के मारले. मी त्याचे हात धरले आणि म्हटलं, "मारू देणार नाही मी. रड हवं तेवढं." तो रडला, भरपूर रडला. मग हुंदके देत विचारतो, "बाबा, त्या बंबात खरं पाणी तापतं का?" मग आम्ही पुन्हा दुकानापाशी जाऊन बंबाची नळी, निखारे टाकायची जागा आणि राख पडायची जाळी सगळं नीट बघितलं, आणि न घेता घरी आलो.

शांतपणे वाढवणं म्हणजे मागेल ते देणं, असं तुला वाटत असेल तर ते तसं नाही. 'नाही' हे नाहीच राहतं. फक्त त्या 'नाही'चं दुःख करायची त्याला मुभा असते, आणि त्या दुःखात बाप शेजारी असतो.

तुला पुरावे लागतात, म्हणून तेही लिहितो. २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकेतल्या संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १,६०,००० हून जास्त मुलं येतात. चापटी मारून मुलं जास्त ऐकायला लागतात असं काही त्यांना दिसलं नाही. उलट जास्त मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्त आढळले. अशा अभ्यासांतून कार्यकारणाची गाठ पक्की बांधता येत नाही हे मला मान्य आहे. पण मारण्याच्या बाजूने ठेवायला काहीच मिळत नसेल तर हात का उचलायचा? स्वीडनने १९७९ मध्येच घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी केली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शाळेत मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं. जे शिक्षकाने केलं तर आपण शाळेत जाऊन जाब विचारू, ते घरात आपण करावं हे मला पटत नाही.

आता जेवणाचं. याच धाग्यातलं एक आधी सांगतो. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी १९२०च्या दशकात अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या बाळांसमोर वेगवेगळे पदार्थ ठेवून त्यांना हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. एकेका जेवणाला मुलं विचित्र वागायची, पण एकंदरीत छान वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ तर बरं होईपर्यंत आपणहून कॉड माशाच्या यकृताचं तेल प्यायचं. खरी मेख मात्र डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवली आहे, की समोर ठेवलेले सगळे पदार्थ साधे आणि ताजे होते. साखर नव्हती, मैदा नव्हता. निवड मुलांची होती, पण कशातून निवडायचं हे मोठ्यांनी ठरवलं होतं. आमच्या घरी आता तसंच चालतं. काय, कधी आणि कुठे हे आम्ही ठरवतो. खायचं की नाही आणि किती, हे तो ठरवतो. एक घास चिऊचा, एक घास काऊचा मला फार आवडतं, पण पोराने तोंड फिरवल्यावर चिऊकाऊ थांबवायचे. मोबाइल दाखवून भरवणं तर सुरूच करू नका. आईला हे पटायला वेळ लागला. आता नातू "पुरे" म्हणाला की ती स्वतः वाटी उचलते.

तुझ्या लेकीसाठी नाचणीचं सत्त्व कर. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आई करते ती रीत अशी: नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड आणण्याचा कंटाळा करू नकोस. मोड आले की धान्यातल्या स्टार्चचं विघटन करणारं विकर तयार होतं, त्यामुळे पेज पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. बाळाचं पोट केवढंसं असतं, त्यात हे फार मोलाचं. शिवाय लोह आणि कॅल्शियम धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. मऊ मुगाची खिचडी, वरून तूप, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, पिकलं केळं, हे सगळं चालेल. वर्षापर्यंत मीठ नको, दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको. आणि मध वर्षापर्यंत अजिबात नको, कुणी कितीही आग्रहाने बोट चाटवायला आलं तरी. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना अडवू शकत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. एखादी भाजी नको म्हणाली तर तो निकाल समजू नकोस. दहा-पंधरा वेळा चव लागल्यावर बरीच मुलं तीच भाजी खायला लागतात.

आमच्याकडे लाल माठाचं तसंच झालं. रविवारी मी त्याला मंडईत नेतो आणि एक भाजी त्याने निवडायची असते. माठ त्याने रंगासाठी घेतला आणि खाल्ला नाही. पुढच्या वेळी पुन्हा घेतला, भातात कालवला, भात गुलाबी झालेला बघत बसला, एक शीत खाल्लं. आता लिंबू पिळून वाटीभर खातो. लिंबाने त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते ते वेगळंच.

सत्त्वाचा डबा आई उद्या कुरियरने पाठवते आहे. पहिल्यांदा एक-दोन चमचेच दे आणि दोन-तीन दिवस दुसरं नवीन काही देऊ नकोस, म्हणजे काही सोसलं नाही तर कळेल.

तुझे मामा संस्कृत शिकवायचे ना? त्यांना त्या औद्दालकीबद्दल विचार. शंकराचार्यांनी तिथे आणखी एक पर्याय दिला आहे, पण तो मला नीट उलगडत नाही. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून पाठव. मार खाण्याबद्दलचं माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिही. सवडीने नको, लगेच लिही. संक्रांतीला तिघेही या. बाबांना आणि आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, लेकीला खूप खूप पापे.

तुझा,
जुना टेकडीवरचा भांडखोर मित्र