ताई, पट्टीवरची नावं कुठं गेली ते तुमच्यामुळं कळलं

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर जे समजावलंत ते आणखी चार जणांच्या कामी यावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीचा जुना जावा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला, तो ऐन सोयाबीनच्या आवकेत. प्रत्येक हिशेबपट्टी ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे तिची सगळी माहिती एका गठ्ठ्यात, फाइलमध्ये जायची; जावात याला सीरियलायझेशन म्हणतात. परत उघडली की कट्टे, वजन, भाव सगळं बरोबर. शेतकऱ्याचं नाव मात्र नल (रिकामं) आणि पट्टी नंबर शून्य. एररचा पत्ता नाही. आली असती तर निदान धागा तरी सापडला असता.

तुम्ही थेट उत्तर दिलं नाहीत. 'वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक प्रिंट टाक अन् फाइल वाच,' एवढंच म्हणालात. (क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, वरचा क्लास म्हणजे खालचा ज्याच्याकडून वारसा घेतो तो, आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड.) टाकला, आणि वाचताना तो उमटला! पट्टी क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नव्हता, पण तिच्या वरच्या व्यवहार क्लासचा चालत होता. कारण सीरियलायझेबल ('हा क्लास असा फाइलमध्ये लिहिता येतो' ही खूण) एकट्या पट्टीवर होतं. नाव आणि नंबर व्यवहार क्लासात, म्हणून ते फाइलमध्ये लिहिलेच जात नव्हते. वाचताना जावा तिथला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर चालवून कोरी फील्डं हातात देत होता. तो कन्स्ट्रक्टर नसता तर वाचताना इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन नावाची एरर आली असती. लिहिताना तरीही सगळं आलबेलच!

'सातबारा बापाकडून पोराकडं उतरतो, उलटा चढत नाही,' हे तुमचं वाक्य मी आता इथल्या पोरांना ऐकवतो. वरच्या क्लासला सीरियलायझेबल दिलं की खालच्या सगळ्यांना आपसूक मिळतं.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. वरच्या क्लासला सीरियलायझेबल लावून मी मोकळा होणार, तेवढ्यात तुम्ही बजावलंत की जुन्या फायलींत जे गेलंच नाही ते यानं परत येणार नाही, शेठना तसा शब्द देऊ नकोस. ती नावं शेवटी पट्टीबुकाच्या कार्बन कॉपीवरून भरली. वरच्या क्लासला हात लावता येत नसेल तर खालच्यात राइटऑब्जेक्ट आणि रीडऑब्जेक्ट या मेथड (लिहिण्या-वाचण्याचा आपला कोड) लिहायच्या, वरची फील्डं स्वतः लिहायची आणि त्याच क्रमानं वाचायची, हेही तुम्हीच सांगितलंत.

जावात 1997 पासून असलेल्या सीरियलायझेशनच्या या सोयीला पुढं जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीतल्याच मार्क राइनहोल्ड या जावाच्या मुख्य आर्किटेक्टनी भयंकर चूक म्हटलं, हे तुमच्याकडूनच कळलं. नवीन पट्ट्या आता एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या टेबलात जातात. शेठ तुमची चौकशी करतात; गावाकडं आलात की आडतीवर चहाला या.

तुमचा धाकटा भाऊ