काका, पाणी नेमकं कुठे मुरत होतं ते तुम्ही दाखवलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार तोंडावर मानायला आले होते, तेव्हा "अगं, वायरीच्या टोकाची एक थिंबल तर बदलली" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. माझ्या मनातून तो मिटलेला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मधूनच बंद पडणारी इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफल (खेळातली, प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी बंदूक) मांडीवर घेऊन कोणी हताश बसलं असेल, तर तुम्ही मला ज्या वाटेने नेलंत ती वाट त्यालाही सापडावी.

माझी अवस्था तुम्हाला आठवत असेल. चाप ओढला की कधी गोळी सुटायची, कधी काहीच नाही. पुन्हा ओढला की सुटायची. दहा मिनिटं बाजूला ठेवली की तासभर शहाण्यासारखी चालायची. ग्रिप, म्हणजे धरायची मूठ, घट्ट आवळली की बरी चालते, असंही मला वाटत होतं, पण खात्री नव्हती. खेळात आडोशामागून पुढे सरकताना आपला चाप चालेल की नाही हे माहीत नसणं फार वाईट. सोबतचे खेळाडू आपल्या भरवशावर पुढे गेलेले असतात.

तोवर मी आधी बॅटरी बदलली होती, मग मोटर. मोटर बदलल्यावर दोन दिवस सगळं सुरळीत चाललं, मी निश्चिंत झाले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मल्टिमीटर बीपवर (जोड अखंड असला की वाजतो) लावून सगळ्या वायरीही तपासल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी बीप वाजली, म्हणून वायरी ठीक असं मी धरून चालले. राहिला होता तो गिअरबॉक्स. तो उघडायचा म्हणजे दाबलेली स्प्रिंग, इवल्याशा स्प्रिंगा, शिम नावाच्या पातळ चकत्या, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी बसवणं. त्या संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर मागायला तुमच्याकडे आले, तो गिअरबॉक्स उघडण्यासाठीच.

तुम्ही आयुष्यभर मोटरी रिवाइंड केल्यात, पण असली रायफल तुम्ही कधी हातात घेतली नव्हती. मला वाटलं, समजावून सांगण्यातच वेळ जाईल. तुम्ही मात्र तिला रायफल म्हणून बघितलंच नाहीत. बॅटरी, स्विच, ब्रशची मोटर, तीन गिअर, आणि ते गिअर एका स्प्रिंगवरचा पिस्टन मागे ओढून सोडतात. पिस्टन पुढे येताना हवा दाबतो, ती हवा ६ मिलिमीटरची गोळी ढकलते. "म्हणजे माझ्याच घरातली आहे ही," असं म्हणालात. अशी यंत्रं किती जुनी, हेही विचारलंत. १९९१ साली टोकियो मारुई या जपानी कंपनीने फामास रायफलच्या रूपात अशी पहिली बंदूक आणली, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत, आणि मग तो प्रश्न विचारलात:

"चालत नाही तेव्हा ती पूर्ण गप्प असते, की गुणगुणते?"

मला उत्तर देता आलं नाही. महिनाभर मी त्या बिघाडाशी झगडत होते आणि एवढं साधं ऐकलं नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवलात आणि वही काढायला लावलीत. मॅगझिन काढायचं, सुरक्षित दिशेला दोन बार करून आत अडकलेली गोळी नाही याची खात्री करायची, दोघांनी चष्मे लावायचे, आणि मग चाळीस वेळा चाप ओढून प्रत्येक वेळी काय ऐकू आलं ते लिहायचं. चाळीसपैकी अकरा वेळा रायफल चालली नाही. त्या अकराही वेळा ती पूर्ण गप्प होती. ना गुणगुण, ना कण्हणं.

त्या अकरा रेघांतून तुम्ही काय काढलंत ते मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचलं. मोटर गुणगुणून अडकत असेल तर जोर कमी पडतोय किंवा गिअर अडलेत. मोटर नुसतीच फिरत असेल आणि पिस्टन हलत नसेल तर मोटरचा छोटा गिअर पुढच्या गिअरमध्ये नीट बसत नाहीये; मग ग्रिपच्या तळाच्या स्क्रूने मोटरची उंची बघायची. पूर्ण शांतता म्हणजे मोटरपर्यंत वीजच पोहोचत नाही, किंवा मोटर ती घेत नाही. अशा बिघाडासाठी गिअर उघडायचे नाहीत.

एक शंका माझ्या बाजूने होती. सेमीवर (चापाच्या एका ओढीला एकच बार) प्रत्येक बारानंतर कटऑफ लिव्हर चापाचे कॉन्टॅक्ट तोडतं. पिस्टन ओढणारा सेक्टर गिअर अर्ध्यात थांबला तर ते लिव्हर वरच राहतं आणि चाप निकामी होतो. तुम्ही लगेच विचारलंत की यातून बाहेर कसं पडायचं. ऑटोवर (चाप धरून ठेवला की बार होतच राहतात) टाकून चाप ओढला की गिअर पुढे सरकतो. "मग गप्प झाली की ऑटोवर टाकून बघ." ऑटोवरही ती गप्पच राहिली, आणि ही शंका दोन मिनिटांत निकालात निघाली.

दुसऱ्या संध्याकाळी रायफल एकदाही बिघडली नाही. मी खूश झाले होते, तुम्ही नाही. "आज बिघडत नाही, म्हणजे आज काही कळणार नाही. उद्या ये." मधूनच येणारा बिघाड तो होत असतानाच पकडावा लागतो, आणि त्यासाठी वाट बघत बसावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बॅटरी काढून ठेवायला मात्र तुम्ही विसरू दिलं नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी ती बिघडली. बॅटरीवर मीटर लावलेलाच होता. सेमीचा एक बार इतका पटकन होतो की डिजिटल मीटरचा आकडा हलायच्या आत संपतो, म्हणून ऑटोवर दोन-दोन सेकंद चालवत होतो. स्वस्थ असताना ८.१ व्होल्ट, चालताना ७.५. आणि ती गप्प झाली, चाप ओढलेलाच होता, तेव्हा आकडा ८.१ वरून तसूभर हलला नाही. तुम्ही आकड्यावर बोट ठेवून म्हणालात, "बॅटरीकडे कोणी काही मागतच नाहीये. तिला कशाला दोष देतेस?" भरलेली नवी बॅटरी घेऊन मी आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी करत होते, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

मग ग्रिप. माझ्या रायफलीचा गिअरबॉक्स व्हर्जन थ्री जातीचा. त्यात मोटर स्वतःच्या धातूच्या चौकटीत बसते, म्हणून ग्रिप उतरवूनही ती चालवता येते. व्हर्जन टूमध्ये मोटरला ग्रिपच धरून ठेवते, तिथे हे जमलं नसतं. वायरींना अजिबात ताण न देता तुम्ही ती मला उतरवायला लावलीत. पुन्हा चालवत बसलो. पंधरा मिनिटांनी ती गप्प झाली. मी चाप धरून ठेवला आणि मोटरला जाणाऱ्या दोन वायरींच्या टोकांवर मीटरचे प्रोब (मोजायच्या सळया) टेकवले. ८.१! वीज मोटरपर्यंत येत होती. मी म्हणाले, "म्हणजे नवी मोटरच खराब."

तुम्ही म्हणालात, "वायरीच्या टोकावर नको, मोटरच्या पत्तीवर टेकव."

एक प्रोब जेमतेम चार मिलिमीटर सरकवला. शून्य.

काका, तो क्षण मी विसरणार नाही. महिनाभराचा त्रास त्या चार मिलिमीटरमध्ये होता. वायरीच्या टोकाची चपटी पितळी थिंबल पत्तीवर बसलेली दिसत होती, पण तिची पकड गेली होती. मोटरच्या कंपनांनी ती सुटायची, ग्रिप आवळली की वायर दाबली जाऊन पुन्हा टेकायची. मोटर बदलताना मी ती काढून पुन्हा बसवली होती, म्हणून दोन दिवस चाललं. श्रेय नव्या मोटरला मिळालं. आणि प्रत्येक वेळी ओढून काढताना मी तिला आणखी सैल करत होते.

बीप का वाजली होती, तेही तुम्ही कागदावर मांडलंत. बीपसाठी मीटर वायरीतून अगदी नाममात्र करंट पाठवतो. केसाएवढा स्पर्श असला तरी तो जातो. मोटरला समजा २० अँपिअर लागतात आणि त्या सांध्यात ०.१ ओहम रोध आहे. ०.१ ओहम साध्या मीटरवर धड कळतही नाही, पण २० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात आणि ४० वॅटची उष्णता तयार होते. एवढ्याशा पितळेवर ४० वॅट. पितळ तापतं, त्याचा ताठरपणा जातो, वर काळा थर धरतो, रोध वाढतो, ते आणखी तापतं. थिंबलचा जांभळट पडलेला रंग तुम्ही मला भिंगातून दाखवलात. मीटर खोटं बोलला नव्हता. मी त्याला चुकीचं विचारलं होतं.

दुरुस्ती पटकन झाली. पकडीने थिंबल दाबून घट्ट करू का, असं मी विचारलं होतं. "मऊ पडलेलं पितळ आज धरेल, उद्या सोडेल." म्हणून जुनी कापली, नवी क्रिंप केली (दाबून बसवली), वरून हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली, मोटरची पत्ती बारीक पॉलिश पेपरने उजळली. दुसरीही बदलली. कापण्याआधी कुठली वायर कुठल्या पत्तीवर ते तुम्ही खूण करून घ्यायला लावलंत. उलट जोडली असती तर मोटर उलटी फिरू बघते, अँटी-रिव्हर्सल लॅच गिअरना अडवतं आणि अडलेली मोटर भलताच करंट ओढते. नंतर चालू असताना वायर आणि पत्ती यांच्यात मोजलं: ०.०४ व्होल्ट. दुरुस्तीआधी, ती "चांगली चालत" होती तेव्हासुद्धा, तिथे १.१ होते. आवाजच बदलला होता, भरीव आणि वेगवान. मला वाटत होतं तिचा आवाज मुळातच तसा मंद आहे.

हे सगळं तुम्ही स्वतः दहा मिनिटांत केलं असतंत. पण तीन संध्याकाळी एकदाही प्रोब हातात घेतला नाहीत. माझा हात थरथरत होता, पत्तीवरून प्रोब दोनदा घसरला, तरी तुम्ही नुसता दिवा जवळ धरलात. मला सगळ्यात जास्त आभार त्याचे मानायचे आहेत.

तेव्हापासून तीनदा खेळून आले. शेकडो वेळा चाप ओढला असेल, एकदाही गप्प झाली नाही. चापाचे कॉन्टॅक्ट गिअरबॉक्सच्या आत आहेत आणि मोटरचा सगळा करंट अजून त्यांच्यावरूनच जातो, ठिणग्यांनी ते काळे पडणारच. पुढे गिअरबॉक्स उघडण्याची खरंच वेळ आली की मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवायचं ठरवलंय, म्हणजे चापावर नुसता इशाऱ्यापुरता करंट राहील. तोपर्यंत दर महिन्याला तिथला आणि थिंबलवरचा व्होल्टेज ड्रॉप (तिथे खाल्ले जाणारे व्होल्ट) वहीत लिहिते आहे. या महिन्यात थिंबलवर ०.०४ च आहे.

तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देते. तुम्ही मागितलेली जुनी मोटरही आणते, मी उगाच बदललेली. तिचे ब्रश किती उरलेत ते तुमच्यासमोर उघडून बघायचं आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची रायफलवाली