चाचा, त्या दिवशीच्या नकाराबद्दल तुमचे आभार

परभणी, जानेवारीअखेर

आदरणीय चाचा,

सादर नमस्कार.

गेल्या डिसेंबरात तुम्ही आमचा गॅस गिझर पाहायला आलात आणि तो आम्ही म्हणू तसा सुरू करून देण्यास स्पष्ट नकार दिलात. त्या नकाराबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच की, आमच्या गल्लीत न्हाणीघराच्या आत बसवलेले असे गिझर अनेक घरांत आहेत, आणि त्या दिवशी तुम्ही मला जे समजावून सांगितले ते त्या घरांपर्यंतही पोहोचले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आमची तक्रार तुम्हाला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी, ऐन थंडीत पहाटे वीज गेली की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात म्हणून आम्ही गॅस गिझर घेतला. पहिली दोन वर्षे तो बरा चालला, परंतु या थंडीत, पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला तेव्हाच त्याने दगा दिला. काही दिवस नळ सोडताच तो पेटत असे आणि काही दिवस, नळ पूर्ण सोडला तरी, साधा टकटक आवाजसुद्धा येत नसे. आम्ही दोन वेळा सेल बदलले. आधी आलेल्या एका कारागिराने तिसऱ्यांदा बदलले आणि जाताना सांगितले की, पुढच्या वेळी पाण्याच्या दाबाचा स्विच कायमचा जोडून देतो, म्हणजे कटकट मिटेल. तेच काम करून घ्यावे, या हेतूने मी तुम्हाला बोलावले होते.

तुम्ही आल्यावर गिझरचे झाकण उघडले नाही. सगळ्यात आधी विचारलेत, "ताई, तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?" मी म्हटले, सहा-सात दिवसांनी एकदा. मग विचारलेत, "आणि गिझर कधी चालतो?" याचे उत्तर मला देता आले नाही, ते माझ्या मुलीने दिले. पाणी आले की पुढचे दोन-तीन दिवस गिझर चालतो, नंतर बंद पडतो, हे तिने शाळेच्या घाईत रोज अनुभवले होते, मात्र आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.

त्यानंतर तुम्ही टेप घेऊन गच्चीवर गेलात. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली होती आणि तिचा तळ गिझरपासून जेमतेम साडेपाच फूट उंच भरला. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दाब साधारण एक बार मिळतो, म्हणजे साडेपाच फुटांना तो ०.१७ बारच्या आसपास येतो, आणि आमच्या गिझरला पेट घेण्यासाठी किमान ०.२५ बार दाब लागतो असे पुस्तिकेत छापलेले होते. टाकी काठोकाठ भरली की आतल्या साडेतीन फूट पाण्याची उंची त्यात मिळून दाब कसाबसा पुरत असे, आणि टाकी अर्ध्यावर आली की तो अपुरा पडत असे. तुम्ही शेजारच्या बोअरचे पाणी पाइप लावून टाकीत सोडायला सांगितलेत. टाकी भरत आली तसा गिझर कोणीही हात न लावता पेटू लागला. तीन वेळा सेल बदलून जे उमगले नव्हते ते एका टेपने आणि दोन प्रश्नांनी उमगले.

आत काय घडते हेही तुम्ही झाकण काढून दाखवलेत. पाणी वाहू लागले की त्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो, तो पडदा छोटा स्विच दाबतो, मग सेलच्या जोरावर ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. ज्योत लागली आहे हे सळईसारख्या सेन्सरला जाणवले तरच झडप उघडी राहते, नाहीतर काही सेकंदांत बंद होते. ही साखळी एकदा कळली की, बिघाड कुठल्या कडीत आहे याचा अंदाज घरच्या माणसालाही बांधता येतो. टकटक आवाजच नसेल तर सेल, सेलच्या खोबणीवर चढलेला हिरवट-पांढरा गंज, पाण्याचा दाब, पाण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीतला गाळ किंवा झिजलेला पडदा यांपैकी काहीतरी असते. टकटक होते पण ज्योत लागत नाही, तेव्हा गॅस पोहोचतो का ते पाहायचे: रेग्युलेटर सुरू आहे का, सिलिंडर संपत आला आहे का, नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा अडकली आहे का. त्यातही कमजोर सेलची ठिणगी दिसते खरी, पण तेवढ्या जोरावर झडप उघडत नाही. ज्योत लागून लगेच विझत असेल तर सेन्सरवर काजळी बसलेली असू शकते किंवा घरात दुसरा नळ सोडलेला असू शकतो. वीस मिनिटांनी आपोआप विझणे हा तर आमच्या गिझरमध्ये बिघाडच नाही, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आणि पेटताना धप्पकन मोठा आवाज झाला तर पुन्हा पुन्हा नळ सोडून पाहू नये, कारण उशिरा ठिणगी पडल्याने साठलेला गॅस एकदम पेटतो, ही तुमची सूचना मी शेजारी दोन घरी जाऊन सांगितली आहे.

हे सगळे झाल्यावर मी तुम्हाला म्हटले की टाकी उंच करायला वेळ लागेल, तोवर तो स्विच जोडून द्या. तेव्हा तुम्ही न्हाणीघराचे दार लावून घेतलेत, गरम पाणी सोडलेत आणि खिडकीच्या फटीतून ज्योत पाहायला मला बाहेर उभे केलेत. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती आणि टोकाशी लालसर होऊन हलत होती. वर छतावर काळा डाग होता, जो आम्ही ओलीचा समजत होतो. झरोक्यात थंडी येऊ नये म्हणून आम्हीच पोते कोंबले होते. तुम्ही ते पोते ओढून बाहेर टाकलेत, गिझर बंद केलात आणि विचारलेत, "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

चाचा, तो प्रश्न मी विसरू शकत नाही. सासूबाई त्या महिन्यात दोनदा अंघोळीहून येताना दाराची चौकट धरून खाली बसल्या होत्या. आम्ही ते रक्तदाबावर ढकलले. मुलीला एकदा अंघोळीनंतर मळमळून उलटी झाली. ते आम्ही उपाशीपोटी चहा घेण्यावर ढकलले. माझे स्वतःचे डोके काही सकाळी जड असे आणि अंगणात गेल्यावर हलके होई. तुम्ही दिवस मोजायला लावलेत, तेव्हा लक्षात आले की हा सगळा त्रास पाणी आल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतलाच होता. ज्या दिवशी गिझर नीट चालत होता त्याच दिवशी आम्ही आजारी पडत होतो, आणि मी तुम्हाला तो रोज चालेल असा करून मागत होते.

गॅस पुरेशा हवेअभावी अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला रंग नसतो, वास नसतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा आमचा समज किती चुकीचा होता! सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि जळून तयार झालेल्या विषारी वायूत तो नसतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला आधी ग्लानी येते आणि दार उघडण्याचे भानही राहत नाही. नंतर आमच्या डॉक्टरांना सगळे सांगितले तेव्हा त्यांनीही तुमच्या शंकेला दुजोरा दिला. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आतून कडी लावून अंघोळ करतात, एवढे लिहिले तरी माझा हात थांबतो.

"हा गिझर आत असेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही, पैसे नका देऊ," असे म्हणून तुम्ही हत्यारांची पिशवी उचललीत. मला राग आला होता, हे मी आज कबूल करते. तुम्ही जे काम नाकारलेत त्याची मजुरी दुसऱ्या कुणीतरी सहज घेतली असती. तो दाबाचा स्विच कायमचा जोडला असता तर नळ बंद असतानाही गिझर पेटता राहून आतली नळी कोरडी तापली असती, हा दुसरा धोका तर मला माहीतच नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा बोलावले तेव्हा तुम्ही एक शब्दही ऐकवला नाहीत. गिझर मागच्या ओट्यावर, छज्ज्याखाली, पावसाची झड आणि थेट वारा लागणार नाही अशा भिंतीवर नेलात. बर्नरच्या छिद्रांतली धूळ आणि कोळ्यांची जाळी ब्रशने काढलीत. उन्हाळ्यात नळ लांबला की आम्ही शेजारच्या बोअरचे पाणी घेतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातले हे पाणी जड असते आणि तापले की तांब्याच्या नळीत पांढरा थर धरते. ती नळी तुम्ही लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात ठेवलीत, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिलीत आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुतलीत. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून पाहिलेत. रेग्युलेटरजवळ एक बारीक फुगा आला, तेव्हा नळीच बदललीत, आणि पाच वर्षांनी ती पुन्हा बदलायची तारीख भिंतीवर लिहून ठेवलीत. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा, हे तुम्ही मुलीकडून पाठ करून घेतलेत.

टाकीखाली आता तीन फुटांचा विटांचा चबुतरा आहे. बाहेरून पाणी यायचे म्हणून गरम पाण्यासाठी अर्धी बादली थांबावे लागते. ते गार पाणी आम्ही भांड्यांना वापरतो. ज्योत निळी आहे. मी रोज सकाळी ओट्यावर जाऊन ती पाहते. न्हाणीघराच्या झरोक्यात आता काही कोंबलेले नाही, आणि सासूबाईंनी आतून कडी न लावण्याचे मान्य केले आहे, जे आम्हाला कित्येक वर्षांत जमले नव्हते आणि तुम्ही त्यांना "माय" म्हणून एकदा सांगितलेत तेव्हा जमले.

तुम्ही मजुरी फक्त गिझर हलवण्याची घेतलीत, नळी धुण्याची घेतली नाहीत. ती पाठवली तर तुम्ही परत कराल, हे माहीत आहे म्हणून पाठवत नाही. शेतात ज्वारी हुरड्यावर आली आहे. येत्या रविवारी चाचींना आणि मुलांना घेऊन या. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी स्वतः कुटायला घेतली आहे आणि तुम्ही येणार का, असे त्या रोज विचारतात.

तुमची,
ओट्यावरच्या गिझरवाली ताई