समवयस्क नव्हे, समदुःखी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'संकटकाळातील समवयस्क समर्थक' हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेताना, दुसऱ्यांदा चहा गार झाल्यावर.

शब्दकोशात इंग्रजी 'पीअर'समोर 'समवयस्क' दिसले म्हणून तेच छापायचे? वयाचा इथे काय संबंध? मनाच्या दुखण्यातून स्वतः गेलेले माणूस दुसऱ्याच्या वाईट रात्री शेजारी बसते, इतकी साधी गोष्ट आहे. 'समदुःखी' हा शब्द कुणालाच सुचू नये? चौतीस वर्षे मराठी शिकवले, म्हणून खटकते. असो.

लेखक या क्षेत्रातले जाणकार आहेत, आदर आहेच. पण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या 'तुपु आके'चे, म्हणजे अशाच माणसांनी चालवलेल्या दहा खाटांच्या घराचे, पोटभर कौतुक करून झाल्यावर ते लिहितात की आपल्याकडेही असे लोक 'सेवाभावी वृत्तीने' पुढे यावेत. सेवाभाव! डॉक्टर राउंड घेतात तो सेवाभावाने का?

ऑगस्ट २०१९. गोदेला पूर, दुतोंड्या मारुती बुडालेला, आणि मी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात अकरा दिवस. मला आवाज ऐकू यायचे. गोळी घेऊनही पहाटे तीनला जाग यायची. सिस्टर म्हणायच्या, "झोपा आजी, विचार करू नका." (मी तेव्हा एकोणसाठची.) समुपदेशक दिवसाआड दहा मिनिटे येत आणि वहीत काहीतरी लिहून नेत. तिथे ताटे वाटणारी, फरशी पुसणारी एक ताई होती, सातपूरकडची. रात्रपाळीला असताना एकदा ती माझ्या खाटेशेजारी खालीच बसली आणि म्हणाली, "बाई, आज कुठनं बोलतोय?"

मी म्हटले, खिडकीतून.

"माझा पंख्यातनं यायचा. पंखा बंद केला तरी."

आम्ही दोघी हसलो. कित्येक महिन्यांनी मी हसले. मग ती रोज यायची. आवाज आला की त्याच्याशी भांडू नका, ताटे मोजल्यासारखे काहीतरी मोठ्याने मोजा, गोळी मात्र चुकवू नका, असे तिचे एकेक सांगणे. माझे बोलणे तिने कुणाजवळ काढले नाही. फक्त पहिल्याच रात्री बजावले होते, "जिवाचं काही बोललात तर सांगावं लागेल हं, आधीच सांगून ठेवते." हे तिला कोणत्या प्रशिक्षणात शिकवले, विचारा तुमच्या लेखकांना.

घरी सोडताना बिलात 'समुपदेशन' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे चांगला घसघशीत आकडा. ताईच्या रात्रींचा हिशेब कुठेच नव्हता, कारण कागदोपत्री ती 'सफाई'. दोन महिन्यांनी तपासणीला गेले तर ताई दिसेना. काउंटरवर विचारले. उत्तर मिळाले, "तिलाच परत त्रास व्हायला लागला, म्हणून काढलं."

मनाच्या आजाराच्या दवाखान्याने बाईला मन आजारी पडले म्हणून काढले! सिस्टरला डेंग्यू झाला तर रजा देता ना? अशा माणसांना पगार कोण देणार, त्यांना पुन्हा त्रास झाला तर रजा कोण देणार, बरे वाटल्यावर जागा शिल्लक राहणार का, हे मी लेखात शोधले. नाही सापडले. ऑकलंडच्या खाटा तेवढ्या मोजलेल्या.

एवढ्या लांब जायचे कारणही नव्हते. १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात आहे. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. दारूसाठी जमते ते आमच्यासाठी का नाही? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हाफ-वे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला मुक्काम), आधाराची निवासस्थाने सगळे लिहिलेले आहे. प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणाल तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नाशिककरांनी भर पावसात माणूस गाडीत घालून कसारा घाट उतरावा. सिंहस्थाला साधुग्रामसाठी एकरांनी जागा लागते, ती शोधली जाते. आठ खाटांचे घर मागितले की जागा नाही.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात हा लेख, त्याच अंकाच्या पान ३ वर 'माथेफिरूचा धुमाकूळ' असा चार कॉलमी मथळा. बातमीत आजाराचा उल्लेखही नाही, दारू पिऊन केलेली दगडफेक आहे. पुरवणीने सहानुभूती दाखवायची आणि पान ३ ने ती पुसायची, ही वाटणी संपादकीय बैठकीत ठरते की आपोआप होते?

मागच्या खेपेला माझे पत्र निम्मे कापलेत आणि नेमका टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांकच गेला. या वेळी बाकी काहीही कापा, तो ठेवा: १४४१६.

नाव छापू नये. धाकट्या मुलीचे जमवणे चालू आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक