मलम लिहून न देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सरच्या ऑपरेशनात दादाच्या पोटावर आलेली शौचाची पिशवी निघाली आणि तो पुन्हा कारखान्याच्या वजनकाट्यावर रुजू झाला. पेढे घेऊन आम्ही येणारच आहोत, पण तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे होते. तुम्ही केलंत ते पाच मिनिटांचं काम होतं, आणि तेवढंच आधी कुणी केलं नव्हतं.

संडासवाटे रक्त गेलं की आमच्याकडे त्याचं एकच नाव, मूळव्याध. स्टँडजवळ ‘विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशी पाटी आहे, तिथलं चूर्ण झालं. एका दवाखान्यातून मलम आलं. सुरण खा, ताक पी, तिखट सोड, हे सांगणारे तर घरोघरी. वर्ष असंच गेलं. तुम्ही मात्र दादाला बोलतं केलंत. रक्तासोबत चिकट आव पडते का, जाऊन आल्यावरही पोट साफ झालंय असं वाटत नाही का, सवय बदलली का, पट्टा किती भोकं आत गेला. आणि शेवटी, वडील कशानं गेले? आतड्याच्या गाठीनं, असं म्हटल्यावर तुमचं पेन थांबलं.

तपासायचं म्हटल्यावर दादा उठूनच उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षांचा माळकरी माणूस, समोर बाई डॉक्टर. तुम्ही रागावला नाहीत. बाहेरची गर्दी सरू दिलीत, मला आत थांबायला सांगितलंत आणि म्हणालात, “मूळव्याध असेलही. पण बघितल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही.” हातमोजा घालून बोटानं केलेली ती तपासणी. बोट सात-आठ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. दादाची गाठ त्याच्या आत होती. हिमोग्लोबिन 8.5 निघालं, पुरुषाचं 13 च्या वर हवं. दम लागतो तो वयामुळे, असं आम्ही धरून चाललो होतो.

गावात अजून विचारतात, मटण नाही, दारू नाही, याला आतड्याचा कॅन्सर कसा झाला? लाल मांस, डबाबंद मांस, दारू यांनी धोका वाढतो हे खरं. पण तंबाखू, बैठं काम, वाढलेलं वजन, आतड्याची जुनी सूज आणि रक्ताच्या नात्यातला आजार हेही त्याच यादीत आहेत. दादाची तंबाखूची पुडी माळेच्या आड लपत नव्हती. अर्थात यातलं काहीच नसतानाही होतो, हे तुम्ही बजावलं होतंत.

परळच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी दिलीत, महात्मा फुले योजनेसाठी कोणते कागद लागतात ते लिहून दिलंत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचंही सुचवलंत. तिकडे दुर्बीण घालून तुकडा तपासला, एमआरआय, सीटी स्कॅन झालं. लिव्हर, फुप्फुसं स्वच्छ होती. आधी पाच आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत किमोच्या गोळ्या. ऑपरेशन आधी का नाही, म्हणून आम्ही घाबरलो होतो. गाठ आकसली तर शौचाची जागा वाचते आणि आजार तिथंच उलटण्याची भीती कमी होते, हे फोनवर तुम्हीच समजावलंत. गोळ्यांनी तळहात सोलून निघाले. मग गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाचा, भाग काढला, जोड भरून यावा म्हणून काही महिने पोटावर पिशवी आली. पिशवी बदलायला वहिनी शिकली, दादा नंतर. आजही त्याला दिवसातून चार-पाचदा जावं लागतं, म्हणून कारखान्यात त्याची खुर्ची संडासाजवळ हलवली आहे. हे सांगायला त्याला आता काही वाटत नाही. तोच सगळ्यांना सांगतो.

आमच्याकडे सरकारी कॅन्सर तपासणी शिबिर होतं, त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख बघतात. आतड्याचं कुणी बघत नाही. तेव्हा ते काम तुमच्यासारख्या गावच्या डॉक्टरवरच येऊन पडतं.

माझेही आभार यात आहेत. भावाबहिणींची दुर्बीण चाळिशीला, किंवा घरात आजार ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा करायची, असं तुम्ही सांगितलंत. मी त्रेचाळीसचा, कसलाच त्रास नाही. तरी केली. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अंगाला आलेला कोंब, निघाला, तिथल्या तिथं काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही. अशा कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात म्हणे. ताईची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

दादानं काट्यावरचे दोन ट्रॅक्टरवाले तुमच्याकडे धाडलेत. दोघांनाही रक्त जातंय, दोघंही मलमावर आहेत. धाकटा फार लाजरा आहे. त्याला शेवटचा नंबर द्या.

आपला,
तुमच्या पेशंटचा धाकटा भाऊ