बाबा, स्टेशनवर तुम्हीच जा

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर आई म्हणाली, "तुझे बाबा नीट जेवूनच नाही राहिले." तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या रविवारी नागपूरला सदरमधल्या आपल्या घरी ताटं वाढली होती. नातू म्हणाला, "आजोबा, मी चर्चला नाही येणार आता." बाबा, तुम्ही तोंडाशी नेलेला घास ताटात ठेवलात, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं गीतांचं पुस्तक उचललंत आणि एकटेच बाहेर पडलात. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नाहीत. रात्री पोरगा मला विचारत होता, "मी प्रश्न विचारला म्हणून आजोबा चिडले, की त्यांच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून?" प्रश्न साधा होता. त्याचे हिंदू, बौद्ध आणि काहीच न मानणारे मित्रही प्रामाणिक आहेत, अडीअडचणीला धावून येतात, मग आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, वेगळं काय?

बाबा, तुम्ही मोबाईलवर अमेरिकेतली प्रवचनं ऐकता. समाज हातातून गेला, आता दारं लावून घ्या, असा त्यांचा सूर असतो. पण समाज आपल्या हातात होता कधी? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात एक ख्रिस्तीसुद्धा भरला नाही. आपण कायम दुसऱ्यांच्या मोहल्ल्यात, दुसऱ्यांच्या सणासुदीत राहिलो. शेजारी वेगळा असताना त्याच्यावर माया कशी करायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबेलात, म्हणजे परक्या बॅबिलोनमध्ये, नेलेल्या यहुदी बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र लिहिलं, ते तुम्हीच मला संडे स्कूलमध्ये समजावलं होतं. घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. लपून बसा असं त्यात कुठेच नाही. आणि बाबेलसारखे व्हा असंही नाही.

म्हणजे सगळंच चालतं, असं मी म्हणत नाही. ऑफिसात खोटं बिल लावायला मी नकार दिला, त्याची किंमतही मोजली, आणि पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. पण ज्यांनी लावलं त्यांच्यासोबत डबा खाणं मी सोडलं नाही.

तुम्ही हिस्लॉप कॉलेजात शिकलात. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते आणि नागपूरच्या परिसरात दगड फोडून जीवाश्मही गोळा करत. 1863 मध्ये टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले दगड, पाहून परतताना पाण्यात बुडून गेले. शोध घेण्याची त्यांच्या विश्वासाला भीती वाटली नाही. मग आपल्या पोराच्या प्रश्नाची आपल्याला का वाटावी?

आणि एक आठवण करून देऊ? रागावू नका. 29 नोव्हेंबर 1970ला सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते आपल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलला. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांचे, आनंदाने धावत गेलात. आजोबांना वाटलं, आता आपलं सारं बुडालं. ते दोन महिने तुमच्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज अजूनही जड होतो. मंडळी बुडाली नाही, पण ते दोन महिने तुम्हाला कुणी परत दिले नाहीत.

नातू येत्या शुक्रवारी येतोय. मी त्याला चर्चला चल म्हणून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. जेवणाआधीची प्रार्थना मात्र नेहमीसारखी मोठ्याने करा, त्याचं नाव घेऊन करा. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर उत्तराची घाई नको. "मलाही हा प्रश्न कधीकधी पडतो" एवढं म्हणालात तरी तो तुमच्याजवळ बसून राहील. मी ओळखते त्याला.

आई, मटण थोडं कमी तिखट कर, त्याचं पोट बिघडलं होतं. बाबा, गाडी सकाळी येते. ऑटो करून येईल तो, असं म्हणू नका. स्टेशनवर तुम्हीच जा.

तुमची लेक